शेजारच्या चौदा मजल्यांना परवानगी नक्की कोण देतं? (उत्तर लांब झालंय, चहा घेऊन बसा)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना: पुण्यात तुमची १९८८ ची चार मजली सोसायटी, शेजारचे दोन बंगले पाडून एकत्र प्लॉटवर चौदा मजली बिल्डिंग येतेय, तुम्ही ११२ सह्यांचं पत्र क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घेतलीत, नगरसेवक म्हणाले "सभागृहात विषय घेतो", आणि इंग्लंडमधली तुमची बहीण म्हणते आमच्याकडे शेजाऱ्याने मागे एक खोली वाढवायची म्हटलं तरी काउन्सिलचं पत्र येतं, हरकतीला २१ दिवस मिळतात. आणि तुम्ही विचारताय, आपल्याकडे यावर मतदान कधी असतं आणि आपलं पत्र कुणाच्या टेबलावर जातं.

मी अशाच टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलोय. रचना सहायक म्हणून लागलो, नगररचनाकार म्हणून रिटायर झालो, पुण्यात नाही पण राज्यातल्याच दोन महापालिका आणि एक नगरपरिषद. कायदा सगळीकडे एकच आहे (मुंबईची नियमावली तेवढी वेगळी), त्यामुळे सांगतोय ते तुम्हाला लागू पडेल.

सरळ सांगायचं तर मतदान नसतंच. बांधकाम परवानगी हा सभागृहाचा विषयच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६, आम्ही त्याला नुसतं एमआरटीपी म्हणतो, त्याच्या कलम ४४ खाली अर्ज येतो आणि कलम ४५ खाली मंजूर किंवा नामंजूर होतो, आणि हे काम आयुक्तांच्या अधिकारात खालचे अधिकारी करतात. छोट्या फायली खालीच संपतात, मोठ्या वर जातात, किती वर जातात ते त्या त्या महापालिकेच्या अधिकार वाटपावर. पटत नसेल तर एवढंच आठवा की मार्च २०२२ ते जानेवारी २०२६, जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता, मग त्या चार वर्षांत तुमच्या आजूबाजूला बिल्डिंगा उठायच्या थांबल्या होत्या का? उलट रिडेव्हलपमेंटचा पूर तेव्हाच आला.

बहिणीकडची पद्धत खरंच वेगळी आहे. तिकडे प्रत्येक अर्जाचा गुणदोषावर विचार होतो, म्हणून शेजाऱ्याला विचारतात, आणि मोठा किंवा वादाचा अर्ज असेल तर काउन्सिलर मंडळींच्या कमिटीपुढे जातो. पण तिकडेही बहुतेक अर्ज अधिकारीच निकाली काढतात, आणि "आमचा व्ह्यू जाईल" किंवा "आमच्या घराची किंमत पडेल" ही हरकत तिकडेही धरत नाहीत, बहिणीला विचारून बघा. आपली पद्धत मुळात अशी की आधी पूर्ण शहराचा नकाशा ठरवायचा, नियम ठरवायचे, त्यावर लोकांचं म्हणणं एकदा ऐकायचं, आणि नंतर जो त्या नियमात बसेल त्याला परवानगी द्यायचीच. म्हणजे तुम्हाला बोलायचा हक्क होता, पण तो आधी, विकास आराखड्याच्या वेळी, आणि तो बहुधा पेपरातल्या बारीक टायपातल्या नोटिशीत येऊन गेला.

कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस असतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचं तुम्हाला आठवत असेल, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या, पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातातून काढूनच घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्या आराखड्यात तुमच्या गल्लीची रुंदी काय धरली, तुमचा भाग रहिवासी ठेवला की व्यापारी केला, हे ठरलं, आणि शेजारचे चौदा मजले त्यातून निघालेत. बिल्डरने फक्त हिशोब केला.

हिशोब कसा ते दाखवतो म्हणजे गंमत कळेल. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडून राज्यभर एकच नियमावली आहे, युडीसीपीआर. त्यात दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर, महापालिका हद्दीत बेसिक एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर तेवढाच, वर प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता ९ मीटर झाला की ०.५० प्रीमियम भरून आणि ०.४० टीडीआर, एकूण २. रस्ता १२ मीटर झाला की टीडीआर ०.६५ होतो, एकूण २.२५. यावर रहिवासी इमारतीला ६० टक्के अॅन्सिलरी एफएसआय (जिने, लिफ्ट, बाल्कनी अशांसाठीचा), तोही पैसे भरून. आता हजार चौरस मीटरचा प्लॉट धरा. नऊच्या आतल्या रस्त्यावर १७६० चौरस मीटर बांधकाम निघतं, बारा मीटरच्या रस्त्यावर ३६००. प्लॉट तोच, माती तीच, फक्त समोरचा रस्ता रुंद धरला की दुप्पट. म्हणून २०२० मध्ये पुण्यात ३२३ सहा मीटर रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला तेव्हा एवढा गदारोळ झाला होता. लोकांना वाटलं रस्तारुंदी म्हणजे ट्रॅफिकचा विषय, जाणकारांना दिसत होतं की हा टीडीआरचा विषय आहे. आणि बघा, असे रस्त्यांचे, आराखड्यातल्या फेरबदलांचे विषय मात्र सभागृहात जातात. तुमच्या नगरसेवकांना जोर लावायचा असेल तर तिथे, शेजारच्या फायलीवर त्यांचा काही उपयोग नाही, फार तर आमच्या केबिनमध्ये येऊन आवाज चढवतील आणि चहा पिऊन जातील, अनुभवाने सांगतो.

आता फाइल आत आल्यावर काय होतं. अर्ज ऑनलाइन येतो, आर्किटेक्ट किंवा लायसन्स इंजिनिअरच्या लॉगिनमधून, सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखची मोजणी 'क' प्रत (प्लॉटच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा), झोन दाखला, मालकाचं हमीपत्र वगैरे. ड्रॉइंग आधी सॉफ्टवेअर तपासतं, समासात (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा) पाच सेंटिमीटर कमी पडले तरी लाल रेघ मारतं. मग साइटवर जाऊन बघायचं: प्लॉट नकाशाप्रमाणे आहे का, रस्ता किती आहे, जुनं बांधकाम किती, झाडं किती, वरून हायटेन्शन लाइन जाते का, बाजूला नाला आहे का. उंच इमारत असेल तर फायर ऑफिसरची ना हरकत, नदीकाठ असेल तर पूररेषा (निळी नेहमीच्या पुराची, लाल त्याहून मोठ्या पुराची), निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर (जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा या दोन रेषा सगळ्या पुण्याला पाठ झाल्या). सगळं बसलं की चलन निघतं, विकास शुल्क, प्रीमियम, कामगार उपकर, ते भरलं की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात.

मुदत ६० दिवसांची. तेवढ्यात काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, अर्थात बांधकाम नियमात बसत असेल तरच. म्हणून पंचावन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र निघतं, त्रुटीचं उत्तर आलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः अशी पत्रं काढलीयत, खोटं कशाला बोलू, हाताखाली दोन माणसं आणि टेबलावर दोनशे फायली असल्या की माणूस तेच करतो.

तुमच्यासारख्या पत्राचं काय होतं ते आता ऐका. तुम्ही पत्रात लिहिलेल्या हरकती मी मोजल्या: उजेड जाईल, प्रायव्हसी जाईल, पार्किंगची मारामारी होईल, पाणी आधीच कमी येतं, आणि परिसराचं स्वरूप बदलेल. सगळ्या खऱ्या आहेत हो. पण टेबलावरच्या माणसाला यातली एकही नियमाच्या कुठल्या रकान्यात टाकायची ते कळत नाही, तो पत्र फायलीला लावतो, 'अर्जदारास अवगत करावे' असा शेरा मारतो आणि पुढे जातो. उजेड-हवेचा हक्क हा १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातला, वीस वर्षं उपभोग वगैरे सिद्ध करायचं, ते दिवाणी कोर्टात, महापालिका त्यात पडत नाही. प्लॉटच्या मालकीचा वाद असेल तरी तसंच, कोर्टाचा स्टे आणला तर फाइल थांबते, नुसतं तोंडी सांगून थांबत नाही. पाण्याचं बिल्डर हमीपत्र देतो की महापालिकेचं पुरेसं पाणी मिळेपर्यंत मी माझी सोय करीन, म्हणजे टँकर. हां, पाण्यावरून २०१६ मध्ये हायकोर्टाने बाणेर-बालेवाडीत नवीन परवानग्यांना ब्रेक लावला होता, पण तो कोर्टाने लावला, परवानगीच्या टेबलाने नाही, आणि पूर्ण भागाची केस होती, एका प्लॉटची नव्हती.

मग तुमचं ऐकलं कुठे जातं? माझ्या हिशोबाने दोन-तीन जागा आहेत.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे सवलत. चौदा मजले म्हणजे उंची साधारण ४०-४५ मीटर. बाजूला आणि मागे उंचीच्या पाचव्या हिश्श्याइतकं अंतर सोडायचं असतं, पार्किंगचे मजले त्यातून थोडे वजा होतात, तरी सात-आठ मीटर सोडावे लागतात. दोन बंगल्यांच्या प्लॉटमध्ये एवढे समास सोडले तर मधे उरतो तो क्रिकेटच्या पिचसारखा पट्टा. मग आर्किटेक्ट अर्ज करतो की अडचणीची केस आहे, समासात सवलत द्या, प्रीमियम भरतो. हा आयुक्तांचा खास अधिकार आहे आणि तो वापरताना नियमावलीतच अट आहे की सवलतीमुळे त्या इमारतीतल्या आणि परिसरातल्या लोकांच्या आरोग्याला, आगीच्या सुरक्षेला धोका होता कामा नये. 'परिसरातल्या' हा शब्द तुमचा. इथे अधिकाऱ्याला निव्वळ मोजायचं नसतं, ठरवायचं असतं आणि का ठरवलं ते लिहायचं असतं. शेजारच्या सोसायटीचं पत्र फायलीत असेल की "आमची भिंत हद्दीपासून तीन मीटरवर आहे, मधे अग्निशमनची गाडी आजच वळत नाही, समास कमी करू नका", तर सही करणारा दोनदा विचार करतो, कारण उद्या काही झालं तर ते पत्र त्याच्या नावावर राहतं. ११२ सह्यांपेक्षा हे एक वाक्य जड.

दुसरी जागा झाडं. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याला पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावरच नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. सगळ्या प्रकरणात तुम्हाला बिनशर्त बोलू देणारी हीच एक पायरी. बंगल्यात जुनं चिंच-आंब्याचं झाड असेल, पन्नास वर्षांच्या पुढचं, तर २०२१ नंतर ते हेरिटेज झाड धरतात आणि प्रकरण अवघड होतं. रोज सकाळी फिरायला जाता तेव्हा बुंध्याकडे बघत जा, नोटीस बरेचदा भिंतीकडच्या बाजूला लावलेली असते, का ते मी सांगायला नको.

पर्यावरण मंजुरीत जनसुनावणी असते असं कुणीतरी खाली लिहिलंय, ते चुकीचं आहे. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते हे खरं, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. आणि तुमच्या शेजारचं तेवढं होणारही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. हरकत ऐकण्याचा हा प्रकार नाही, चूक दाखवायचा आहे. एक किस्सा सांगतो. एका सोसायटीने तक्रार केली की समोरच्या बिल्डरने रस्ता १२ मीटर दाखवलाय, प्रत्यक्षात तेवढा नाहीच. मी, एक बांधकाम निरीक्षक आणि टेप धरायला शिपाई असे गेलो. एका कंपाउंड भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टेप ताणला, १०.४० आले. सोसायटीचे चेअरमन विजयी चेहऱ्याने फोटो काढत होते. मग मी मंजूर ले-आउट उघडला आणि रस्त्याच्या मध्यापासून दोन्हीकडे मोजायला लावलं. बिल्डरच्या बाजूला बरोब्बर सहा मीटर. सोसायटीच्या बाजूला ४.४०. त्यांची भिंत, भिंतीपुढची क्रोटनची रांग आणि संगमरवरी नावाची पाटी हे सगळं रस्त्यात होतं. शिपाई हसायला लागला, मला हसता येईना. नोटीस मग सोसायटीलाच गेली. म्हणून सांगतो, तक्रार करायच्या आधी आपलं कंपाउंड मोजा.

पण उलटंही झालंय. दुसऱ्या एका केसमध्ये मोजणी नकाशात शेजारच्या सोसायटीचा वहिवाटीचा बोळ प्लॉटमध्ये धरून क्षेत्र वाढवलं होतं, साधारण सत्तर चौरस मीटर. सोसायटीने भांडण न करता स्वतःची 'क' प्रत आणून समोर ठेवली. पूर्ण एफएसआयचं गणित पुन्हा करावं लागलं, एक मजला उतरला. चुकीची माहिती देऊन परवानगी घेतली असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली ती रद्द करता येते, ही तलवार खरी आहे. एमआरटीपीच्या कलम ५१ खालीही परवानगी मागे घेता येते, पण काम बरंच वर गेल्यावर ते होत नाही आणि खर्च झालेला असेल तर भरपाईचा प्रश्न येतो, म्हणून जे करायचं ते जोत्याच्या आधी करा. सहाव्या मजल्यावर स्लॅब पडल्यावर माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी पाणी विचारायचो, दुसरं हातात काही नसायचं.

आणि परवानगी नाकारली तर बिल्डर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करू शकतो, पण परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याला तसं अपील नाही, अपील फक्त अर्जदाराला. तुम्हाला उरतं ते शासनाकडे गाऱ्हाणं किंवा हायकोर्ट, आणि हायकोर्ट पहिला प्रश्न विचारतं, उशीर का केलात.

तुमच्या केसमध्ये नक्की काय होईल हे मी इथून सांगू शकत नाही. तुमचा भाग दाट वस्तीच्या गावठाणात येतो की बाहेर, रस्ता आत्ता आहे तेवढाच धरलाय की आराखड्यातल्या रुंदीने (मालकाने पट्टी सोडून दिली असेल तर आराखड्याची रुंदी धरतात आणि ते नियमात आहे), दोन प्लॉट एकत्र करायची मंजुरी झालीय का, सवलत मागितलीय का, यावर सगळं फिरतं.

हे कळायला फार धावपळ नाही. सीसी झाली असेल आणि बिल्डर फ्लॅट विकत असेल तर प्रकल्प महारेरावर (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदवलेला असणार, ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी लागतेच. साइटवरच्या बोर्डवरून नंबर घ्या आणि वेबसाइटवर टाका, सीसीची प्रत घरबसल्या मिळेल. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, बांधकाम विकास विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, त्याने फाइल फिरत बसते. मागा: मंजूर नकाशा, सीसी, साइट पाहणी अहवाल, फायरची ना हरकत, आणि समासात सवलत दिली असल्यास त्या आदेशाची आणि टिप्पणीची प्रत. टिप्पणी सगळ्यात महत्त्वाची, खालपासून वरपर्यंत कोणी काय लिहिलं ते त्यात असतं. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. बिल्डर त्रयस्थ पक्ष म्हणून त्याला विचारावं लागेल असं सांगतील, विचारू द्या, मंजूर झालेला नकाशा सहसा अडत नाही.

परवानगी अजून झालीच नसेल, तर तुमचं पहिलं पत्र विसरा आणि दुसरं द्या, एक पान, बांधकाम विकास विभागाला, क्षेत्रीय कार्यालयाला नाही (तिथल्या आवकजावकमध्येच ते महिना पडून राहील). सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर वर ठळक लिहा. रस्त्याची जागेवरची रुंदी तीन ठिकाणी मोजून, तुमच्या भिंतीपासून हद्दीपर्यंतचं अंतर, झाडांची संख्या, आणि समासात सवलत देऊ नये ही विनंती, कारणासह. सह्या चेअरमन-सेक्रेटरीच्या पुरेत.

रविवारी सकाळी सात वाजता गल्लीत गाड्या कमी असतात, तेव्हा ३० मीटरचा टेप घ्या आणि मोजा. आकडे इथे टाका, सोबत सोसायटीच्या मंजूर नकाशातलं तुमच्या कंपाउंडचं मापही टाका. क्रोटन असतील तर तेही सांगा.